मानमोडीत गेलेल्या पणजोबांची कबर शोधताना

आज खड्डे, टँकर आणि लोकलची गर्दी सोडून वेगळ्या विषयावर लिहितोय. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

दरवर्षी २ नोव्हेंबरला, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या दिवशी, मी घरच्यांना घेऊन गावच्या दफनभूमीत जातो. विरारला बिल्डिंगमध्ये राहायला येऊन पंधरा वर्षं झाली, पण मेणबत्त्या लावायला गावीच जायचं, हे ठरलेलं. त्या संध्याकाळी सगळं गाव तिथे असतं. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे चुलत भाऊसुद्धा एकाच कबरीवर फुलं ठेवून निमूट उभे असतात.

गेल्या वर्षी बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावली. मग आजोबांची अस्थी ज्या निशमध्ये ठेवलीय तिथे गेलो. माझी लेक बारा वर्षांची आहे. ती म्हणाली, "पप्पा, यांचे बाबा कुठे आहेत?"

मी म्हटलं, "ते मानमोडीत गेले."

"ते ठीक आहे. पण ठेवलंय कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस वर्षं बातमीदारी करतोय. कुठल्या प्लॉटचा मूळ मालक कोण, हे लोक मला फोन करून विचारतात. आणि माझ्याच पणजोबांना कुठे पुरलं, ते मला सांगता येईना.

मानमोडी म्हणजे काय, हे नव्या पिढीला माहीत नसेल. १९१८ साली जगभर जी इन्फ्लुएन्झाची साथ आली, तिला आपल्याकडे लोकांनी दिलेलं हे नाव. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. जूनमध्ये साथ मुंबईत आली, पावसाळ्यात जरा ओसरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुप्पट जोराने परतली. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. यात म्हातारे कमी आणि वीस ते चाळीस वयाचे धडधाकट लोक जास्त होते. त्याच वर्षी पाऊसही फसला होता. विरारहून मुंबईला रेल्वे १८६७ पासून धावत होती. भाजी, पानं, केळी घेऊन आपली माणसं शहरात जायची आणि येताना रोग घेऊन यायची.

आमच्या घरात त्या साथीचं एकच वाक्य उरलंय. आजोबा सांगायचे, "बाबांना ताप आला आणि तिसऱ्या दिवशी नेलं." आजोबा तेव्हा तीन वर्षांचे होते. म्हणजे हे वाक्यही त्यांचं नाही, त्यांच्या आईचं. त्या बाईने पुढे पानवेलीच्या वाडीवर मुलं वाढवली. ती स्वतः कधी गेली, ते आम्हाला माहीत आहे. तिचा नवरा कुठे आहे, ते माहीत नाही.

तर मी शोधायला लागलो.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या हिंदू मित्रांना वाटतं की ख्रिस्ती माणसाची कबर कायम राहते. तसं नाही. गावची दफनभूमी असते केवढीशी! त्यात शेकडो वर्षं माणसं पुरली जातायत. त्यामुळे ठराविक वर्षांनी कबर पुन्हा उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या निशमध्ये किंवा सामायिक जागेत ठेवतात आणि त्याच खड्ड्यात दुसऱ्याला जागा देतात. ज्यांची ऐपत होती त्यांनी कुटुंबाच्या कायमच्या कबरी घेतल्या, वर दगड बसवला. बाकीच्यांचा लाकडी क्रूस. आपल्या पावसात लाकडी क्रूस टिकणार किती? याबद्दल माझी कुणाविषयी तक्रार नाही. मेलेल्यांनीही एकमेकांना सरकून जागा द्यायची, हा आपल्या लोकलचाच नियम आहे.

दगड नसेल तर कागद शोधायचा. चर्चमध्ये तीन वह्या असतात: बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. फादरांनी परवानगी दिली आणि समोर बसूनच वह्या दाखवल्या. पानं इतकी जीर्ण, की उलटताना श्वास रोखावा लागतो. जुन्या नोंदींत लॅटिन आणि पोर्तुगीज वळणाचे शब्द. आज आपण मराठीत मिस्सा ऐकतो, पण ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची, म्हणजे साठ वर्षांच्या आतबाहेरची गोष्ट. त्याआधी आमची माणसं घरात वाडवळी किंवा कादोडी बोलायची, देवाशी लॅटिनमध्ये बोलायची, आणि वहीत त्यांचं नाव कुणीतरी तिसऱ्याच भाषेत लिहायचं.

दुसरी अडचण आडनावांची. धर्मांतराच्या वेळी बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावं आली. त्यामुळे एकाच गावात एकाच आडनावाची आळीच्या आळी भरलेली. नावंही संतांची, म्हणजे ठराविकच. माझ्या पणजोबांच्या नावाचे गावात आणखी तिघे होते. मग बापाचं नाव, बायकोचं नाव, आळीचं नाव असं जुळवत जावं लागतं. आमच्या घराला गावात जे टोपणनाव आहे, ज्यावरून लहानपणी मी मारामाऱ्या केल्या, तेच शेवटी कामाला आलं. वहीत आडनावापुढे बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं.

नोंद सापडली. ऑक्टोबर १९१८. तारीख, वय, बापाचं नाव, बायकोचं नाव. त्या महिन्याची पानं बघून मात्र गप्प बसलो. इतर महिन्यांत नोंदी सुट्या सुट्या, ऐसपैस लिहिलेल्या. या महिन्यात ओळीला ओळ लागलेली. अक्षर घाईचं होत गेलेलं. पुढे पुढे वयाच्या जागी नुसताच अंदाज. लिहिणारा पाद्रीही माणूसच होता ना! दिवसातून कितीदा घंटा वाजवली असेल त्याने?

पण नोंदीत कबरीची जागा नव्हती. तसा रकानाच त्या वहीत नाही.

मग आमच्या आळीतल्या नव्वदीतल्या काकांकडे गेलो. त्यांचे वडील दफनाची कामं करायचे. काका म्हणाले, "मानमोडीतले सगळे मागच्या भिंतीकडं. बाबा सांगायचा, एका खड्ड्यात दोघं दोघं ठेवली. खणायलाच माणूस उरला नव्हता." मी विचारलं, मागची भिंत म्हणजे कुठली? तर म्हणाले, "आत्ताची नाय. जुनी. रस्ता मोठा केला तेव्हा भिंत आत घेतली. तू स्कूटरवरून येतोस ना, तिथंच कुठंतरी."

खरं खोटं सांगता येत नाही. काकांनी ऐकलेलं सांगितलं, मी ते तुम्हाला सांगतोय. रस्ता कुणी दुष्टपणाने केला नाही. त्या रस्त्याने अँब्युलन्स येते, एसटी येते. पण त्या दिवसापासून तिथे आलो की स्कूटरचा वेग आपोआप कमी होतो.

आता वसई किल्ल्यात चला.

आपण सगळे तिथे जातो. पावसाळ्यात फोटो काढायला, शाळेच्या सहलीला, हल्ली लग्नाआधीच्या शूटिंगला. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चचं छप्पर कधीच गेलंय, पण आत जमिनीकडे बघा. पायाखाली लांबट दगडी फरशा आहेत आणि त्यांवर कोरलेली अक्षरं. त्या कबरी आहेत. १५३४ च्या डिसेंबरमध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मोठं ठाणं होतं. त्यांच्यातले सरदार, कप्तान, त्यांच्या बायका, मुलं चर्चच्या आतच पुरली जायची. वेदी जितकी जवळ, तितका मान मोठा.

१८७६ साली डॉ. जे. गर्सन द कुन्हा या मूळच्या गोव्याच्या, मुंबईत वैद्यकी करणाऱ्या माणसाने चौल आणि वसईच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक छापलं. त्यात त्यांनी या फरशांवरचे लेख उतरवून ठेवले. आज ज्या फरशा पायांनी आणि पावसाने झिजल्यात, त्यांवर काय होतं हे कळतं ते अशा कामामुळे. पुरातत्त्व संशोधन हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. दवाखाना सांभाळून केलेलं काम आहे हे.

या फरशांवरच्या मजकुराची एक ठरलेली पद्धत आहे. ही कबर अमक्याची, आणि पुढे बऱ्याचदा लिहिलेलं असतं: "आणि त्याच्या वारसांची." म्हणजे जागा आधीच राखून ठेवली. मुलगा येईल, नातू येईल, याच दगडाखाली झोपेल.

ते वारस आलेच नाहीत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहानुसार पोर्तुगीजांना शस्त्रं आणि सामानासह सन्मानाने बाहेर पडू दिलं. जे हलवता येतं ते गेलं. चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून देवळांत नेल्या, त्यातली एक आजही भीमाशंकरला बघता येते. पण कबरी कुठे नेणार? त्या राहिल्या.

आणि आमचे पूर्वज? वाडवळ, सामवेदी, कोळी, ज्यांनी धर्म बदलला पण गाव, शेती, भाषा सोडली नाही, ते इथेच राहिले. राज्य पोर्तुगीजांचं गेलं, पेशव्यांचं आलं, मग इंग्रजांचं. आमची माणसं केळीला पाणी देत राहिली. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला आजही देऊळच म्हणतात. त्यांच्या कबरींवर दगड नव्हते, नावं कोरायला पैसे नव्हते.

म्हणजे गंमत बघा. किल्ल्यात दगड आहेत, वारस नाहीत. गावात वारस आहेत, दगड नाहीत.

इथे लगेच कुणी हिंदू-ख्रिस्ती करू नका, म्हणून पुढचं सांगतो. वसईच्या मोहिमेत मराठ्यांची हजारो माणसं कामी आली. बाजी भिवराव रेठरेकरांसारखा सरदार याच मोहिमेत तारापूरच्या वेढ्यात पडला. त्यांचं नाव इतिहासात आहे. चिमाजी अप्पांची समाधी पुण्यात ओंकारेश्वराजवळ आहे. पण सुरुंग उडाला तेव्हा तटाच्या खिंडारात जो मावळा पडला, त्याची चिता कुठे पेटली? कुठल्या गावचा होता? त्याच्याही घरी एखादंच वाक्य उरलं असेल: "वसईला गेला, आला नाही."

आपल्या वसईचा जगभर माहीत असलेला माणूस म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. इथे जन्मले आणि १५९७ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले. गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे, वसईत कॉलेज आहे. पण इथल्या मातीत त्यांची कबर नाही. त्यांची आठवण राहिली, कारण ती धरून ठेवणारी माणसं इथे होती.

उलटं उदाहरण आपल्या नालासोपाऱ्याचं. तिथल्या टेकाडाला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं, तर आत विटांचा बौद्ध स्तूप, त्यात दगडी पेटी आणि पेटीत एकात एक ठेवलेले करंडक. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे त्यात होते. एवढ्या श्रद्धेने बांधलेली वास्तू, आणि मधल्या काळात ती कशाची हेच लोक विसरले. राजा म्हटलं, कोट म्हटलं, जे सुचलं ते नाव दिलं. जागा टिकली आणि ओळख हरवली, असंही होतं.

जरा खाली बोरिवलीला एक्सरला वीरगळ आहेत. समुद्रावरची लढाई, गलबतं, वल्ही, सगळं दगडात कोरलंय. शिलाहार-यादवांच्या काळातले मानतात. लोक त्यांना शेंदूर लावतात. पण वीरगळांवर बहुतेक वेळा नाव नसतं. कुणाचे तरी पूर्वजच ते. कुणाचे, हे कोण सांगणार?

अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायलांची दफनभूमी आहे. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी तिथल्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. गावावरून आडनावं घेतली: पेणकर, रोहेकर, केहिमकर. १९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर बहुतेक जण हळूहळू तिकडे गेले. आता त्यांची नातवंडं येतात आणि रायगडातल्या लहान लहान गावांत, झाडोऱ्यात, मराठी आणि हिब्रू अक्षरं असलेले दगड शोधतात. आडनावात गाव आहे, गावात कबर आहे, पण वाट विचारायला ओळखीचं माणूस उरलेलं नाही.

आणि ज्यांच्याकडे दहन करतात त्यांचं काय? त्यांच्या पूर्वजांची कबर म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांची वही. आपलं गाव आणि आडनाव सांगा, ते चोपडी काढतात आणि तुमच्या खापरपणजोबांनी कुठल्या साली येऊन श्राद्ध केलं ते वाचून दाखवतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी तपासायला सुरुवात केली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला कळलं की गाव नमुना १४, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, किती मोलाच्या आहेत. एरवी ज्या दप्तराला वाळवी लागली तरी कुणी विचारत नव्हतं, त्यासाठी मोडी वाचणारे शोधत लोक फिरायला लागले. दाखला हवा असला की पूर्वज आठवतो. त्यात लाज नाही. पण तेवढ्यासाठीच आठवावा का?

हा प्रश्न मी आज इतक्या घाईने का मांडतोय? कारण आपलं शहर. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि पन्नासहून अधिक गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती, आता किती हे तुम्हाला सकाळच्या लोकलमध्ये कळतंच. इतक्या माणसांना राहायला जागा लागते, तशी मेल्यावरही लागते. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात मृतांसाठी जागा पुरवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलंय. ते मागायला हवं, सगळ्या धर्मांनी मिळून मागायला हवं. पण त्याबरोबर, ज्या जुन्या जागा आहेत त्या आधी कागदावर आणायला हव्यात. वाडीच्या कोपऱ्यातलं एखाद्या कुटुंबाचं जुनं थडगं, गोसाव्याची समाधी, लहान मुलांना पुरायची ओढ्याकाठची जागा, मुस्लिम मोहल्ल्याचं मागचं कब्रस्तान. गावातल्या चार म्हाताऱ्यांना ती माहीत आहेत. ते गेले की ती फक्त मोकळी जमीन. आणि मोकळी जमीन आपल्याकडे किती दिवस मोकळी राहते, हे विरारकरांना मी सांगायला नको.

म्हणून चार कामं सुचवतो. पैसा लागत नाही.

एक. आपल्या गावच्या स्मशानाचा, दफनभूमीचा, समाधीचा सातबारा काढा. त्यावर तशी नोंद आहे का बघा. शहर विकास आराखड्यात ती जागा काय म्हणून दाखवलीय, तेही बघा. नोंद नसेल तर आत्ताच अर्ज करा. बुलडोझर आल्यावर अर्जाला अर्थ नसतो.

दोन. मोबाइलने प्रत्येक दगडाचा फोटो काढा. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात काढा, तिरप्या प्रकाशात झिजलेली अक्षरंही वाचता येतात. दगडाला खडू, तेल, चुना काही लावू नका. किल्ल्यातल्या फरशा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथे तर हातही लावू नका. नुसतं त्यांवर उभं राहून फोटो काढायचं सोडलं तरी पुष्कळ.

तीन. जुन्या वह्या ज्यांच्याकडे असतील, मग ते चर्च असो, मशीद असो, देवस्थान असो की तलाठी कार्यालय, त्यांच्या डिजिटल प्रती करायचा आग्रह धरा. एका पुरात, एका गळक्या छपराने तीनशे वर्षं जातात.

चार. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात तातडीचं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: "कोण कुठे ठेवलंय?" फोनवर रेकॉर्ड करा. मी हे बाबांना विचारलं नाही. ते असताना विचारलं असतं, तर कदाचित त्यांनी बोट दाखवून सांगितलं असतं. बातमीसाठी सगळ्या गावाच्या मुलाखती घेतल्या, बाबांची घ्यायची राहिली. ही चूक माझी.

आता शेवट.

दफनभूमीच्या मधोमध एक मोठा क्रूस असतो. ज्यांची कबर राहिली नाही, ज्यांचं कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी तिथे मेणबत्त्या लावतात. लहानपणापासून मी तिथे एक मेणबत्ती लावायचो, कुणासाठी ते न विचारता. या वर्षी नोंद सापडल्यावर आम्ही दोघं पुन्हा गेलो. सण नव्हता, साधा मंगळवार होता. लेकीने वहीच्या कागदावर पणजोबांचं नाव, बापाचं नाव, आळीचं नाव आणि १९१८ असं लिहून आणलं होतं. मेणबत्ती लावली आणि तिने ते मोठ्याने वाचलं. शंभराहून जास्त वर्षांनी ते नाव त्या आवारात कुणीतरी उच्चारलं असेल.

तो कागद तिने परत घरी आणला. तिथे ठेवला असता तर पावसात गेला असता.

तुमच्या गावात अशी कुठली जागा असेल, मग ती कुठल्याही जातीधर्माची असो, तर मला सांगा. मी येतो, फोटो काढतो, लिहून ठेवतो. घरच्या म्हाताऱ्यांना मात्र आजच विचारा.